रसग्रहण सगळ्यांपेक्षा वेगळं निघालं, तर गुण जातात का?

दहावीच्या एका मुलीने विचारलं आहे. मराठीचा पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकाबाहेर त्या सहा-सातजणी पेपर जुळवत उभ्या राहिल्या. रसग्रहणात, म्हणजे दिलेल्या ओळींचा अर्थ आणि सौंदर्य उलगडायच्या प्रश्नात, हिने ‘कवीचा राग दिसतो’ असं लिहिलं होतं, बाकी सगळ्यांनी ‘वेदना’. संध्याकाळी क्लासच्या सरांनी ग्रुपवर उत्तरं टाकली, त्यातही वेदनाच. शिवाय एका आकृतिबंधातली एक चौकट चुकली आणि एका वाक्प्रचाराचा अर्थ चुकला. जवळच्या मैत्रिणीने उभ्या उभ्या हिशेब करून सांगितलं, ‘तुझे सहा-सात तरी गेले.’ तेव्हापासून दोघींचा अबोला आहे, रात्री झोप नाही, इंग्रजीचं पुस्तक उघडवत नाही. तिचे प्रश्न दोन : माझं उत्तर चूक आहे का? आणि पेपर जुळवायलाच नको होता का?

मी पुण्यात ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली १९ वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, शेवटची ६ वर्षं नियामक म्हणून, म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा पाहणारी. या वर्षीच्या कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे प्रश्नपत्रिकेतल्या, नेमक्या प्रश्नावर मी बोलणार नाही, ते माझ्याकडून योग्य होणार नाही. पण असे पेपर कसे वाचले जातात, आणि फाटकाबाहेर नेमकं काय जुळवलं जातं, हे मी दोन्ही बाजूंनी इतकी वर्षं पाहिलं आहे की तुला नीट सांगू शकेन.

आधी तो सहा-सात गुणांचा हिशेब मोडून काढू, कारण झोप त्याने उडवली आहे. आकृतिबंधाला २ गुण आणि साधारणपणे चार चौकटी, म्हणजे तुझा गेला अर्धा गुण. वाक्प्रचाराला अर्थाचा एक आणि वाक्यात उपयोगाचा एक. अर्थच चुकला तर त्या अर्थाने केलेलं वाक्यही बहुतेक चुकतं, तेव्हा २ गेले असं धर. झाले अडीच. एवढंच नक्की गेलं आहे, ८० पैकी. उरलेले चार मैत्रिणीने रसग्रहणाचे धरले, आणि ते तिने धरायचे नव्हते. ते गेले की नाही हे तिला माहीत नाही, तुला माहीत नाही, मलाही तुझं उत्तर वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

इथेच खरी अडचण आहे. तुम्ही सगळ्यांनी पूर्ण पेपर एकाच मापाने मोजलात. गणिताचा पेपर असता तर ते चाललं असतं. तुमच्या कृतिपत्रिकेचे भाग एकदा डोळ्यांसमोर आण : गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. यातला भाषाभ्यास म्हणजे समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, लेखननियम, विरामचिन्हं. तिथे एक बरोबर आणि बाकी चूक. ‘आईवडील’ इतरेतर द्वंद्व आहे, ‘पापपुण्य’ वैकल्पिक आहे, ‘मीठभाकर’ समाहार आहे, यात कुणाचं मत विचारायचं नसतं. गद्य-पद्यातल्या आकलनाच्या कृतीही तशाच, उत्तर समोरच्या उताऱ्यात असतं. हे सगळं मिळून साधारण ३५ गुण होतात. हे खुशाल जुळवावेत. दोघींची उत्तरं वेगळी आली तर एक चुकली आहे, पुस्तक उघडलं की मिटलं.

उरलेले चाळीसच्या वर गुण वेगळ्या जातीचे आहेत. दोन स्वमत (पाठाबद्दल स्वतःचं मत मांडायचे प्रश्न), काव्यसौंदर्य, रसग्रहण, स्थूलवाचन आणि सगळं उपयोजित लेखन. इथे तुझं उत्तर मैत्रिणीच्या उत्तराशी जुळलं नाही यावरून काहीच ठरत नाही. दोघी बरोबर असू शकता, दोघी चूक असू शकता. सातजणींनी एकच शब्द लिहिला आणि आठवीने दुसरा, म्हणून आठवी चुकली, असा नियम या पेपरात नाही. तुझं उत्तर जुळवून बघायचं ते कवितेशी. मैत्रिणीशी नाही, सरांशी नाही, गाईडशी तर नाहीच.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. फाटकाबाहेर तुम्ही रसग्रहणं जुळवलीच नाहीत. तुम्ही एक-एक शब्द जुळवला. ‘काय लिहिलंस गं?’ ‘वेदना.’ ‘मीपण वेदना.’ ‘मी राग लिहिलाय.’ ‘राग? राग कुठे आहे त्यात?’ असंच झालं ना? दहा-बारा ओळींचं उत्तर कुणी तिथे म्हणून दाखवत नाही. त्या दहा-बारा ओळींत आशय काय सांगितला, कोणत्या शब्दावर बोट ठेवलं, यमक किंवा प्रतिमा कशी उलगडली, भाषेबद्दल काय म्हटलं, यातलं काहीच फाटकापाशी येत नाही. आणि परीक्षक गुण त्याचेच देतो. ‘वेदना’ लिहिणाऱ्या तुझ्या मैत्रिणींपैकी एकीला ४ मिळतील आणि एकीला दीड, कारण त्या शब्दाखाली प्रत्येकीने काय लिहिलं ते वेगळं असणार आहे. शिवाय राग आणि वेदना हे काही एकमेकांचे शत्रू नव्हेत. माणूस दुखावतो तेव्हाच चिडतो. एकाच ओळीत तुझ्या मैत्रिणीला जखम दिसली असेल आणि तुला त्या जखमेवरचा संताप.

आता मला उदाहरण घ्यायला हवं, आणि ते जुनं घेते, म्हणजे तुझ्या पेपराला हात लागणार नाही. बालकवींची ‘औदुंबर’. आठ ओळींची कविता. बालकवी १९१८ साली गेले, वय अवघं २७. त्यानंतर या आठ ओळींवर मराठीतली जाणती माणसं पिढ्यान् पिढ्या वाद घालत आली आहेत. ती सुखाची कविता आहे की दुःखाची, हेसुद्धा सगळ्यांनी एकमताने ठरवलेलं नाही. ज्यांचं आयुष्य कविता वाचण्यात गेलं त्यांचे पेपर शंभर वर्षांत जुळले नाहीत, तुमचे एका दुपारी जुळावेत ही अपेक्षा कशाला?

ही कविता मी नववी-दहावीच्या वर्गांना पुस्तकात नसली तरी वाचून दाखवायची. आधी हिरवळ, निळासावळा झरा, चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे. मग पांढरी पायवाट, अडवीतिडवी, काळ्या डोहाकडे जाणारी. आणि शेवटी पाण्यावर पसरलेली ‘गोड काळिमा’ आणि पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. वाचून झालं की मी विचारायची, या झाडाला कसं वाटत असेल? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, त्याला एकटं वाटतंय.’ का, तर म्हणे, रंग बघा : हिरवा, निळा, पांढरा आणि मग काळा. वाट डोहाकडे जाते, परत येताना कुठे दाखवलीच नाही. सगळा वर्ग गप्प झाला. तेवढ्यात मुळशीकडून रोज येणारा एक मुलगा उठला. तो म्हणाला, ‘बाई, तसं नाही. आमच्या ओढ्यावर उंबर आहे. उन्हाळ्यात त्याच्या सावलीतलं पाणी काळंच दिसतं आणि तेच गार असतं. गुरं तिथंच जाऊन उभी राहतात. म्हणून कवी गोड म्हणतोय.’

दोन उत्तरं, एकमेकांच्या अगदी उलट. मी पेपर तपासत असते तर दोघांना पूर्ण गुण दिले असते. दोघांच्याही पायाखाली कवितेतली जागा आहे. तिने ‘काळिमा’ धरली, त्याने ‘गोड’ धरलं, आणि बालकवींनी हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेत. त्या दिवशी माझं मलाच ते नव्याने दिसलं. तोवर मी दरवर्षी ती ओळ आली की ‘विरोधाभास’ असा शब्द फळ्यावर लिहून पुढे जात होते.

त्याच तासाला तिसरा हात वर आला. ‘औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, म्हणून ही भक्तीची कविता आहे.’ मुलगा हुशार होता, माहितीही खरी होती. मी म्हटलं, शीर्षक आणि झाड सोडून दुसऱ्या कुठल्या ओळीत भक्ती दिसते ते दाखव. त्याने शोधली. नाही सापडली. हे उत्तर पेपरात आलं असतं तर मी माहितीचा थोडा मान ठेवला असता, पूर्ण गुण दिले नसते. वेगळं उत्तर म्हणजे आपोआप चांगलं उत्तर, असंही नसतं. हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतील की साहित्यात सगळंच बरोबर. तसं नाही. कविता काही गोष्टींना जागा देते आणि काहींना देत नाही.

तेव्हा तुझ्या चार गुणांचं काय होईल हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे. ‘राग’ म्हणताना तू दिलेल्या ओळींतला एखादा शब्द उचलून दाखवलास का? ‘इथे कवीने अमुक शब्द वापरला आहे, तो साधा न वापरता असा टोकदार वापरला आहे, त्यातून चीड जाणवते’ असं काही? नुसतं ‘कवीला खूप राग आला आहे’ एवढंच असेल तर गुण कमी होतील. पण ते राग लिहिला म्हणून नव्हे, आधार दिला नाही म्हणून. ‘कवीला खूप वेदना होतात’ एवढंच लिहिणारीचेही तेवढेच कमी होतील. दुसरं, रसग्रहणात आशयाबरोबर काव्यसौंदर्य आणि भाषेची वैशिष्ट्यंही अपेक्षित असतात, ती आली का? फक्त भावनेवर थांबलीस तर एक-दीड गुण तिथे राहतो. आणि तिसरं, दिलेल्या ओळींच्या आधी-नंतरच्या कडव्यात तुझ्या म्हणण्याला सरळ सरळ खोडणारं काही आहे का? दोन ओळींपुरता राग खरा वाटतो, पण पुढच्याच कडव्यात कवी क्षमा करतो, असं असेल तर परीक्षक ते धरणार. हे तिन्ही तुझं तुलाच तपासता येईल. आज नको, का ते पुढे सांगते.

चौथी गोष्ट तुझ्या हातात नाही, ती म्हणजे परीक्षक. सगळे परीक्षक सारखे नसतात हे मी लपवणार नाही. मी स्वतः पहिल्या दोन-तीन वर्षांत चांगली नव्हते. एकदा स्वमताच्या प्रश्नाला एका मुलाने पाठातल्या आईची बाजू न घेता मुलाची बाजू घेतली होती. मला आईच बरोबर वाटत होती. मी त्याला ३ पैकी १ दिला. त्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामकांनी पुन्हा पाहिल्या, त्यात तो पेपर निघाला. त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘याचं म्हणणं पाठातल्या कुठल्या वाक्याने खोटं ठरतं, ते मला दाखवा.’ मी पाठ दोनदा वाचला. तसं वाक्य नव्हतं. उलट त्याच्या बाजूची दोन सापडली. ‘मग प्रश्नाचं नाव स्वमत आहे ना बाई?’ एवढंच म्हणाले. मी गुण बदलले. पुढे मी नियामक झाल्यावर नव्या शिक्षकांना हाच प्रश्न विचारत आले. म्हणजे चूक होऊ शकते, पण एकाच माणसाच्या मर्जीवर सगळं सोडून दिलेलं नसतं. मोकळ्या प्रश्नांसाठी परीक्षकाकडे जे मुद्दे असतात ते अपेक्षित मुद्दे असतात, एवढेच आणि हेच असं त्यात नसतं.

गठ्ठा समोर आल्यावर परीक्षकाचं काय होतं, हेही तुला कळायला हवं. पहिल्या पाच-सहा पेपरांतच लक्षात येतं की या केंद्रावर कोणतं गाईड चालतं. अप्पा बळवंत चौकात जानेवारीत ज्या पुस्तकांच्या थप्प्या लागतात, त्यांतली वाक्यं मार्चमध्ये आमच्या टेबलावर येतात. ‘कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ पासून ‘मनाला भिडते’ पर्यंत तेच, त्याच क्रमाने, कधी कधी छापील चुकीसकट. त्यांना आम्ही गुण देतो, मुद्दे बरोबर असतात. पण त्या रांगेत एखादं उत्तर असं येतं की मुलीने स्वतः ओळ वाचली आहे हे दिसतं. भाषा थोडी अडखळते, वाक्य लांबतं, पण वाचलं आहे. तेव्हा चष्मा पुसून नीट बसून वाचलं जातं. माझ्याबरोबर टेबलावर बसणाऱ्या बहुतेक सगळ्यांचं असंच व्हायचं. असा पेपर शेजारच्या बाईंना वाचून दाखवल्याशिवाय राहवायचं नाही.

क्लासच्या सरांच्या उत्तराविषयी. त्यांनी टाकलं ते एक चांगलं उत्तर असेल. पेपर सुटल्यावर तासा-दोन तासांत त्यांना सगळी कृतिपत्रिका सोडवून शेकडो मुलांना पाठवायची असते, त्यामुळे ते सगळ्यात रुळलेली वाट धरतात. भाषाभ्यासासाठी ते उत्तर वापर. रसग्रहणासाठी त्याला आणखी एक विद्यार्थी समज, जरा अनुभवी.

आता तुझा दुसरा प्रश्न. पेपर जुळवायलाच नको होता का?

मी बरीच वर्षं मुलांना सांगायची, ‘पेपर झाला की सरळ घरी जा, कुणाशी बोलू नका.’ ते सांगणं मी सोडलं. एक कारण असं की कुणी ऐकत नाही. जुळवतात ते जुळवतातच, वर बाईंनी नको म्हटलं होतं ही बोच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बरीच वर्षं झाली, पेपर सुटल्यावर मी बसथांब्यावर उभी होते. लांबच्या कुठल्या तरी शाळेच्या दोन मुली शेजारी होत्या. स्थूलवाचनातल्या एका कथेवरून भांडत होत्या. एक म्हणत होती, ‘त्याने ते पत्र फाडायलाच नको होतं.’ दुसरी म्हणत होती, ‘अगं, फाडलं नसतं तर तो रोज वाचत बसला असता.’ बस आली, गेली, त्यांनी सोडली. मार्चचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि या दोघी एका कथेतल्या माणसाच्या वागण्यावर जीव तोडून बोलत होत्या. वर्षभर चाळीस मिनिटांच्या तासात मी जे घडवायला धडपडत होते ते तिथे आपसूक चाललं होतं. गुणांचा विषय निघाला आणि मग दोघींचे चेहरे उतरले. ‘तुझं चुकलंय.’ ‘नाही, तुझं.’ तिथून पुढे कथा संपली.

म्हणून तुमचं बोलणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. वेळ चुकली आणि माप चुकलं.

वेळ का चुकली? तीन तास दहा मिनिटं लिहून बाहेर आलेलं डोकं थकलेलं असतं. त्या वेळी आपण काय लिहिलं यापेक्षा काय लिहायचं होतं तेच जास्त आठवतं. शिवाय गर्दीत जी पहिल्यांदा आणि ठासून बोलते तिचं उत्तर ‘बरोबर’ ठरतं. मी केंद्रावर असताना हे फाटकातून पाहायची. अभ्यासात मधली असलेली एखादी मुलगी मोठ्या आवाजात सांगायची आणि वर्गात पहिली येणारी गप्प उभी राहून स्वतःचं उत्तर मनातल्या मनात चूक ठरवायची. आणि एकदा चूक ठरवलं की आठवणही तशीच वळते. एक विद्यार्थिनी निकालानंतर माझ्याकडे रडत आली होती, ‘मी रसग्रहणात भाषेबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून गुण कमी आले.’ उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तर भाषेवर तिच्याच अक्षरात चार ओळी होत्या, चांगल्या होत्या. कमी झालेले गुण पत्रलेखनात होते, तिथे पत्ता आणि विषय राहिला होता. अडीच महिने ती न केलेल्या चुकीसाठी झुरत होती.

तर आज रात्री एवढंच कर. प्रश्नपत्रिका घरी आहेच, तिच्या मागच्या कोऱ्या जागेवर तुझं रसग्रहण आठवेल तसं लिहून काढ. सुधारू नकोस, आज सुचलेलं चांगलं वाक्य त्यात घालू नकोस. जे लिहिलं होतंस तेच. दहा मिनिटं लागतील. मग ती घडी करून आईकडे दे आणि शेवटच्या पेपरापर्यंत मागू नकोस. डोक्यात गोल गोल फिरणारी गोष्ट कागदावर उतरली की बऱ्याच मुलांना झोप लागते, असं मी पाहिलं आहे. तुला लागेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही, पण करून बघायला काही जात नाही. आणि पुढे छायाप्रत मागवायची वेळ आलीच तर तुलना करायला तो कागद हाताशी राहील. क्लासचा ग्रुप तोवर बंद ठेव. इंग्रजीचा अभ्यास पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून सुरू करू नकोस, जे येतं त्यापासून कर. हाताला लिहायची सवय परत लागली की पुढचं सुचतं.

तुझ्या आईवडिलांनी हे वाचलं तर त्यांना एक विनंती. ‘कसा गेला?’ एवढं विचारा आणि ती जे सांगेल तिथे थांबा. जेवताना प्रश्नपत्रिका हातात घेऊन ‘याला काय लिहिलंस?’ सुरू झालं की ते फाटकाबाहेरचंच दुसऱ्यांदा होतं, फक्त समोर आता बाबा असतात. भूक असेल तर वाढा, नसेल तर ताक द्या.

निकाल साधारण मे महिन्यात लागतो. तेव्हा मराठीचे गुण तुझ्या अंदाजाच्या आसपास आले तर विषय संपला. खूपच कमी वाटले तर दोन वाटा आहेत आणि मुलं त्यांत गोंधळ करतात. गुणपडताळणीत बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात, ‘राग’ चालेल की नाही हे तिथे कुणी पुन्हा वाचत नाही. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा असतो. तेव्हा छायाप्रत आली की लगेच तुझ्या मराठीच्या बाईंना दाखव. त्यांना एकच विचार, कवितेतल्या कुठल्या शब्दाने माझं म्हणणं खोटं ठरतं. त्यांना असा शब्द दाखवता आला तर अर्ज करू नकोस. आणि टक्के काढताना सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतात, हेही घरात एकदा सांगून ठेव. अडीच गुणांवरून घरात काळजी चालली असेल तर थोडी हलकी होईल.

राहिली तुझी मैत्रीण. तिने हिशेब चुकीचा केला, पण मला नाही वाटत तिने तो दुष्टपणाने केला. दुसरीचं चुकलं असं ऐकलं की आपलं बरोबर आहे असा दिलासा मिळतो, आणि त्या दुपारी तिलाही दिलासा हवा असणार. तिनेही ‘वेदना’ लिहिली ती स्वतः ओळ वाचून लिहिली की गाईडमधली लिहिली, हे तिला कदाचित कुणी विचारलंच नसेल.

शेवटचा पेपर झाला की तिला फोन कर. सारसबागेत जा, संभाजी पार्कात जा, कुठेही सावलीत बसा. तुझी घडी केलेली प्रश्नपत्रिका ने. तिला म्हण, तुला वेदना कोणत्या शब्दात दिसली ते दाखव, मग मी राग दाखवते. गुण हा शब्द त्या दिवशी दोघींनी काढायचा नाही. आणि पुस्तक दोघींत एकच न्या. माझ्या वर्गात मी बाकावर एकच पुस्तक उघडू द्यायची, म्हणजे दोघांना एकाच ओळीवर वाकावं लागतं.